पहेलवानाचा डूख

मी पहेलवान बोलतोय. नावावर जाऊ नका. जातीचा पॉमेरियन, पांढरा, एवढासा. गल्लीतलं मांजरही मला वाट देत नाही. पण डूख धरायला अंग मोठं लागत नाही.

जन्म माझा अमरावतीचा. आईचं दूध सुटलं आणि अकोल्याहून आचल नावाची शाळकरी मुलगी वडिलांसोबत मला घ्यायला आली. गाडीत मी तिच्या ओढणीत झोपलो. जठारपेठेतलं तिचं घर येईपर्यंत मी तिचा झालो होतो.

घरात पाय ठेवला आणि फरशीवर शू केली. पिल्लू दुसरं काय करणार? आचलचे वडील, धर्मेंद्र, ताडकन उठले. माझी मानगूट धरली, नाक त्या ओल्यात घासलं आणि वर दोन चापट्या दिल्या.

"पप्पा, नका ना! त्याले समजत नाही अजून."

"समजावूनच राहिलो. कुत्रं असंच शिकते."

मी शिकलो. पण शिकलो ते एवढंच, की या माणसासमोर करायचं नाही. मग सोफ्यामागे, कपाटाखाली, जागा मिळेल तिथे लपून करू लागलो. वास सुटायचा, पुन्हा नाक घासलं जायचं. ते बाहेर फिरवायचे तेव्हा साखळी त्यांच्या हातात, म्हणून भीतीनं माझं सगळं आखडायचं. घरात आलो की सुटायचं.

"पाह्य, मुद्दाम करून राहिला हा!" ते ओरडायचे.

मुद्दाम करता येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

उन्हाळ्यात एका दुपारी त्यांनी शिक्षा म्हणून मला गच्चीवर बांधलं आणि खाली जाऊन कूलरसमोर झोपले. अकोल्याचं ऊन ते! पंजे पोळले, जीभ सुकली, आवाजही फुटेना. आचल शिकवणीहून आली म्हणून वाचलो. तिनं रडत रडत पंजांवर पाणी सोडलं. मला जरा उभं राहता आलं, तसा मी खाली गेलो, धर्मेंद्रांच्या पलंगावर चढलो आणि बरोब्बर त्यांच्या उशीवर केलं. फार गार वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला बडनेऱ्याला आपल्या मोठ्या बहिणीकडे नेलं. "आशाताई, ठेव याले. नाहीतर रस्त्यावर सोडून देतो."

आशाबाईंनी मला मारलं नाही. जेवलो की, झोपून उठलो की उचलायच्या, अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवायच्या आणि शेजारी उभ्या राहायच्या. "कर बाप्पा, घाई नाही." झालं की लगेच भाकरीचा तुकडा आणि "शाब्बास माह्या राजा!" घरात चुकून झालंच तर मुकाट्यानं पुसून घ्यायच्या. थोड्याच दिवसांत मी स्वतःहून दार खरवडू लागलो. ज्याला शिकवणं म्हणतात ते एवढंच होतं.

दिवाळीत धर्मेंद्र आणि आचल आले. आचलनं मला छातीशी धरलं, सोडेचना. आशाबाई कौतुकानं म्हणाल्या, "आता घरात थेंब नाही पाडत."

"म्हणजे माहा मार कामी आला," धर्मेंद्र हसले. "चाल, नेतो याले परत."

आचल नाचायलाच लागली. मला फक्त गप्प बसायचं होतं. बसलो असतो, तर रोज तिच्या पायाशी झोपलो असतो.

"ये रे पहेलवान," धर्मेंद्रांनी चुटकी वाजवली. मी गेलो. त्यांच्याकडे बघितलं, पाय उचलला आणि त्यांची नवी पॅन्ट पोटरीपासून खाली भिजवली.

"पाह्यलं? सुधरला नाही!" त्यांनी हात उगारला.

"हात खाली घे, धर्मा," आशाबाई म्हणाल्या.

आचलचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "पप्पा, तो घरात करतच नाही. फक्त तुमच्यावर करते."

उगारलेला हात तसाच राहिला. मग ते पॅन्ट धुवायला नळावर गेले.

संध्याकाळी गाडी निघाली. मागच्या काचेला आचलचा चेहरा होता. मी फाटकापर्यंत धावलो. माझा सूड मला असा महाग पडला. तरी पस्तावा म्हणाल, तर नाही.

आता मी बडनेऱ्याचाच. आचल सुट्टीत येते. पिल्लू आणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: धीर नसेल, तर आम्हाला आणू नका.

धर्मेंद्र तिला सोडायला येतात, पण फाटकाबाहेरच थांबतात. मी आतून त्यांच्याकडे बघत बसतो. गुरगुरतही नाही. आत या, एवढंच मनात म्हणतो.