काचेतला वादळनाथ

घोलवडला चिकूच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता तसाही अरुंद. त्यात वादळनाथ गुलाबी झाला की तो बंदच होतो. टेम्पो, रिक्षा, तलासरीहून आलेल्या जीपगाड्या सगळ्या आडव्यातिडव्या उभ्या, आणि माणसं शैलेश महाराजांच्या मांडवाकडे पळत सुटलेली.

मांडवात वादळनाथाची हातभर उंचीची मूर्ती. अंगावर लाटांचं चिलखत, मुठीत वीज, कान टोकदार. सकाळी निळी असलेली ती मूर्ती आता गुलाबी दिसत होती.

"देव कोपला रे, कोपला!" महाराज घुमत होते. "हे कान बघा! आहेत असे कान दुसऱ्या कुठल्या देवाला? भर समुद्रात वादळ जन्माला येतं ना, त्याचं पहिलं रडणं या कानांना ऐकू येतं. पण कांई चिंता नथी! महाराज बसलाय ना मध्ये!"

संध्याकाळी पाऊस आला, तर देवानं आधीच सांगितलं होतं. नाही आला, तर महाराजांनी परतवला होता. त्यांना हरायची सोयच नव्हती. हे शैलेश महाराज पूर्वी हायवेच्या बस थांब्यावर मोबाईलची कव्हरं विकायचे. मूर्ती म्हणे लाटांनी त्यांच्या पायाशी आणून टाकली.

मी विज्ञानाचा मास्तर. लिंबातून रक्त काढणारे, जिभेवर कापूर पेटवणारे, अंगारा काढणारे, सगळ्यांची पोल उघडून झाली. एक जातो, दुसरा येतो, आणि लोक नव्या उत्साहानं पाया पडायला तयार असतात. खरं सांगतो, मला या सगळ्याचा वीट आला होता.

माझी भाची अदिती सुट्टीला आली होती. तिनं माझ्या मोबाईलवर मूर्तीचा फोटो पाहिला आणि हसतच सुटली.

"मामा, हा तर व्होरान! आमच्या गेममधला. एल्फ लोकांचा वादळांचा देव."

"एल्फ म्हणजे कोण?"

"टोकदार कानांची, जंगलात राहणारी माणसं. खरी नाहीत रे, गेममधल्या जगातली. वादळ आलं की ती व्होरानची आरती करतात."

ही मूर्ती गेमच्या चाहत्यांसाठी ऑनलाइन विकायला होती. खाली स्वच्छ लिहिलं होतं की कोरड्या हवेत ती निळी राहते आणि दमट हवेत गुलाबी होते. म्हणजे कोबाल्टचा क्षार, आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात त्याची बाटली आहे. डोंगराकडून वारा आला की मूर्ती निळी, समुद्राकडून आला की गुलाबी. किनाऱ्यावर एवढं तर दोरीवरचे कपडेही सांगतात.

"मग जाऊन सांग ना सगळ्यांना," अदिती म्हणाली.

"सांगू गं," मी म्हणालो आणि पंखा वाढवला.

मे महिन्यात भक्तांनी देवाला काचेची पेटी केली. धूळ जाऊ नये म्हणून चहूबाजूंनी रबर लावलं, आणि दर्शन नीट व्हावं म्हणून आत मोठा पिवळा बल्ब, दिवसरात्र चालू. पेटीतली हवा तापून कोरडी झाली. त्या दिवसापासून देव निळाच राहिला. महाराजांनी जाहीर केलं की देव प्रसन्न आहे, आता या हंगामात वादळ नाही.

मग एका दुपारी संगीता धापा टाकत दारात आली. ती आणि तिचा नवरा बाबल्या वेवजी गावचे, हंगामात इथल्या वाड्यांत चिकू उतरवायला येतात. जुन्या उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारा बाबल्याच.

"सर, मोबाईलवर वादळाचा मेसेज आलाय. डोंगराकडं सगळं काळं झालंय. आन् हा शेंड्यावर बसलाय! म्हनतो देव निळा हाय, काय होत नाय."

"मी सांगून ऐकेल तो?"

"माझं नाय ऐकत, तुमचं पन नाय ऐकनार." ती रडायच्या बेतात होती. "देवाचं तेवढं ऐकतो."

मी चप्पल घातली. अदितीही मागोमाग निघाली.

मांडव वाडीच्या कुंपणाला लागूनच होता. वारा पडला होता आणि आभाळ खाली आलं होतं. मी सरळ पेटीचं दार उघडलं.

"हात लावू नका मास्तर!" महाराज ओरडले. "भस्म व्हाल!"

"होऊ दे. दमलोय तसाही."

संगीतानं डोक्याचा टॉवेल माठात बुडवला आणि देवाला गच्च गुंडाळला. सोडला तेव्हा वादळनाथ गुलाबी झालेला. मी त्याला कुंपणावरून उंच धरलं. आयुष्यभर चमत्कार खोडून काढले आणि आज भर दुपारी स्वतःच एक करत होतो, याचं मला हसूही आलं नाही.

"बाबल्या!" संगीता ओरडली. "देव बघ, देव!"

त्यानं वळून पाहिलं आणि सरसर खाली आला. त्याच्यामागे बाकीचेही उतरले. आम्ही सगळे पॅकिंगच्या शेडमध्ये शिरलो आणि वारा-पाऊस सुटला. बाबल्या ज्या फांदीवर बसला होता ती फांदी आमच्या डोळ्यांदेखत मोडून खाली आली. संगीतानं त्याचा हात घट्ट धरला.

शेडमध्ये मी मूर्ती बल्बजवळ धरली. ती हळूहळू निळी झाली. अदितीनं ओलं बोट फिरवलं, तिथं गुलाबी रेघ उठली. तिनं सगळ्यांना मोबाईलवर मूर्तीची जाहिरात दाखवली, मग ते एल्फही दाखवले. महाराज भर पावसात कधी निघून गेले ते कुणाला कळलं नाही.

बाबल्यानं त्या गुलाबी रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "पन सर, देव गुलाबी झाला म्हनून मी उतरलो. वाचवलं त्यानंच ना?"

इतक्या वर्षांनंतर हाच प्रश्न असेल तर बोलायचं तरी काय? बोलली ती संगीता.

"टॉवेल माझा होता रे. पेटीत तो निळाच होता. तू पडून मेला असतास ना, तरी निळाच राह्यला असता."

बाबल्यानं मूर्तीकडे पाहिलं, मग बाहेर पडलेल्या फांदीकडे. मान खाली घातली.

दर वेळी मला सांगायचं असतं ते एवढंच. आभाळ काळं झालं की उतरा, इशारा आला की थांबा, आणि जो देव कधीच चुकत नाही असं कुणी सांगेल, त्याला एकदा पेटीबाहेर काढून ओल्या फडक्यानं पुसून बघा.