पिवळ्या चौकोनातली दोन नाकं

ड्रायव्हरसाहेबांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक म्हणजे, शाळेची बस इतकी वर्षं चालवली, पण तिच्यावर ओरखडा म्हणून नाही. दुसरी, त्यांनी काढलेला एकही फोटो पुसट नाही. मागच्या आठवड्यात पहिल्या अभिमानाला तडा गेला. बस डेपोत आत घेताना उजवा आरसा गेटच्या खांबावर आपटला आणि फुटला. साहेबांनी तिथल्या तिथे वॉचमनचं नाव घेतलं. म्हणे, त्याने गेट अर्धंच उघडलं होतं. वॉचमन बिचारा कळवळून सांगत होता, पण ज्याच्या बसला कधी ओरखडा नाही त्याच्यापुढे वॉचमनचं कोण ऐकतो? त्याला लेखी समज मिळाली आणि विषय संपला.

दुसऱ्या अभिमानावर बायकोचा धाकटा भाऊ टपूनच बसला होता.

या मेहुण्याला घरात सगळे बटण म्हणत. त्याच्याकडे खिशात मावणारा छोटा कॅमेरा होता. समोर धरायचा, बटण दाबायचं, अंतरबिंतर काय ते कॅमेरा आपलं आपण ठरवतो. साहेबांचा कॅमेरा म्हणजे धातूचा जाडजूड ठोकळा, रेंजफाइंडर, पहिल्या बोनसमधून जुनाच घेतलेला. त्याच्या खिडकीतून बघितलं की मधोमध एक फिकट पिवळा चौकोन दिसतो आणि त्या चौकोनात समोरच्या माणसाला दोन नाकं असतात. लेन्सवरची रिंग फिरवत फिरवत दोन नाकांचं एक करायचं, मगच फोटो काढायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी बायकोलाही हे शिकवलं होतं. दोनचार फोटो काढून तिने "मला नाही बाई एवढा वेळ" म्हणत कॅमेरा परत दिला होता.

"दाजी, तुमची नाकं जुळेपर्यंत माणूस उठून जातो," बटण म्हणायचा.

"जाऊ दे की. जो बसतो त्याच्या पापण्या मोजून घे," दाजी म्हणायचे.

आणि खरंच, दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले की बटणाची बोलती बंद व्हायची. त्याच्या फोटोत कधी कधी मागची भिंतच ठळक यायची आणि माणूस धूसर. पण गेल्या दोनतीन रोलांपासून पारडं फिरलं. साहेबांच्या फोटोतली माणसं धुरात बसल्यासारखी यायला लागली. बटणाला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या.

"म्हातारा झाला तुमचा ठोकळा. ठेवा आता शोकेसमध्ये."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने तो उघडला, पुसला, भिंतीपर्यंतचं अंतर मोजून ताडून पाहिलं आणि सांगितलं, "काही बिघाड नाही." साहेब घरी येऊन म्हणाले, "त्याला काय कळतंय, डोंबल!" मग स्टुडिओवाल्यावर संशय घेतला, मग फिल्मवर. खापर फोडायला डोकी काय कमी असतात? आपलं सोडून कुणाचंही चालतं.

"मग एकदा होऊनच जाऊ दे," बटण म्हणाला.

रविवारी दुपारी गॅलरीच्या सावलीत सामना ठरला. दोन्ही कॅमेऱ्यांत सारखाच नवा रोल, एकच स्टूल आणि स्टुलावर एकच बायको, हातात पेपर घेऊन. तिचे ओले कपडे बादलीत पडले होते, पण उठायची सोय नव्हती. बटणाने खटाखट रोल संपवला आणि तो कठड्याला टेकून मजा बघत उभा राहिला. साहेबांनी डावा डोळा गच्च मिटला, उजवा खिडकीला लावला आणि रिंग पुढे कर, मागे कर, पुन्हा पुढे कर.

"अहो, मान अवघडली माझी."

"थांब गं. आज ही नाकं ऐकतच नाहीयेत."

शेवटी तिचा संयम सुटला. रोलमध्ये थोडे फोटो उरले होते. तिने कॅमेरा त्यांच्या हातातून काढूनच घेतला. "आता तुम्ही दोघं बसा मेल्यांनो. कळू दे बसवून ठेवल्यावर काय होतं ते." दोघं एका स्टुलावर अर्धे अर्धे बसले, बसल्या बसल्या भांडत. तिने रोल संपवला आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

गुरुवारी संध्याकाळी प्रिंट आले. जेवणाच्या टेबलावर दोन रांगा लावल्या. बटणाच्या रांगेत पेपरचा मथळासुद्धा वाचता येत होता. साहेबांच्या रांगेत बायको कसली, एक साडी नेसलेला ढग बसला होता. बटण टेबलावर थापा मारत हसत सुटला. हसता हसता तो रांगेच्या टोकाला आला आणि थांबला. शेवटच्या फोटोंत दाजींच्या मिशीचा केस न् केस दिसत होता.

"हे कोणी काढले?"

"मी," बायको म्हणाली.

तोच कॅमेरा, तोच रोल, तीच सावली. बायको नवऱ्याकडे बघत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बसचा तो आरसा उजवीकडचाच ना?"

साहेबांनी कपाटावरचा ठोकळा घेतला, नेहमीसारखा उजव्या डोळ्याला लावला आणि बायकोकडे रोखला. पिवळ्या चौकोनात ना दोन नाकं ना एक, नुसतं धुकं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तो डाव्या डोळ्याला लावला. दोन नाकं स्वच्छ दिसली. रिंग जराशी फिरवली, ती सरकत आली आणि एक झाली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांना नीट दिसलं.

"मोतीबिंदू असेल, दाजी," बटण म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "काढतात हो आजकाल."

साहेब खुर्चीत बसले. सकाळी बस काढायची होती, मागे पन्नास पोरं, गाणी म्हणत, एकमेकांची दप्तरं ओढत. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं झाकून घेत होता, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नव्हता. डेपोची डोळ्यांची तपासणी पुढच्या वर्षी. तोवर मूग गिळून बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. आणि बस गेली तर या घरात ड्रायव्हरसाहेब म्हणून उरणार तरी काय, हेही त्यांना कळत होतं.

"चहा टाकू?" बायकोने विचारलं.

"टाक," ते म्हणाले आणि फोन जवळ ओढला. पलीकडे सुपरवायझर होता.

"साहेब, उद्यापासून माझी बस दुसऱ्या कोणाला तरी द्या. नाही, ताप वगैरे नाही. उजव्या डोळ्याने दिसत नाहीये मला." पलीकडचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं. मग रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला.

"अजून एक. त्या वॉचमनची समज मागे घ्या. गेट पूर्ण उघडं होतं."