दुधी काचेतला डोंगर

एक लाल शाल, काठाला विटलेली.

एक पितळी स्क्रू. फिरतो, पण आवळत नाही.

फोटो स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर एक रिकामी चौकट. गिऱ्हाईक विचारतं, यात काय होतं हो? दोघी बहिणी एकदम सांगतात, अजून काहीच नाही.

एक काळं कापड. त्याला बाबांच्या डोक्याच्या तेलाचा वास.

"हलू नकोस."

मित्रांनो, यातल्या कशाचा कशाला मेळ लागत नाही ना? जरा धीर धरा. हे सगळं माझ्याच अंगाखांद्यावरून गेलेलं आहे. मी एक जुना लाकडी स्टँड आहे, मोठ्या पेटी-कॅमेऱ्याचा. मला पाय तीन, डोळा एकही नाही. बघायचं काम कॅमेऱ्याचं. मला कळतं ते पायांतून. कोण जवळ आलं, कोण लांब गेलं, कोण घुटमळलं, हे जमीन मला सांगते.

मला घडवणारा सुतार शिड्या करण्यात तरबेज होता. त्यामुळे मीही जरा शिडीच्याच वळणावर गेलो. कधी रागावले की बाबा मला 'शिडीचं कार्टं' म्हणत. बाबा म्हणजे स्टुडिओचे मालक, दोघी बहिणींचे वडील. राग पाण्यावरच्या रेघेसारखा. दुसऱ्या क्षणी मला मऊ फडक्याने पुसत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "याच्यासारखा शहाणा माणूस माझ्या घरात नाही. दिवसभर उभा असतो आणि तोंड उघडत नाही."

तोंड न उघडण्याचं ते कौतुक पुढे मला फार जड गेलं.

आता त्या काचेबद्दल सांगायला हवं. आमच्या कॅमेऱ्याच्या पाठीला एक दुधी काच असते. डोक्यावरून काळं कापड घ्यायचं आणि त्या काचेत बघायचं. तिथे सगळं उलटं दिसतं. डोंगर वरून लोंबतो, आभाळ पायाशी पडतं, आणि डावीकडचं उजवीकडे जातं. स्टुडिओत त्याने काही अडत नाही. गिऱ्हाईक आपल्याकडे तोंड करून बसलेलं असतं, त्यामुळे काचेतली उजवी बाजू तीच त्याचीही उजवी.

डोंगराच्या फोटोची गोष्ट वेगळी. डोंगर केवढा आहे ते कळावं म्हणून बाबा त्यात एक माणूस उभा करत, आणि तोही पाठमोरा. हे काम धाकटीचं. लाल शाल पांघरून ती खडकावर उभी राहायची आणि बाबा कापडाखालून ओरडायचे, उजवीकडे सरक. ते काचेतली दिशा सांगत. पाठमोऱ्या माणसाची दिशा तिच्या नेमकी उलट. म्हणून धाकटी निमूट डावीकडे सरकायची आणि फोटो बरोबर यायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं. ही उलटापालट दोघांच्या इतकी अंगवळणी पडली, की ती करावी लागते हेच कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

थोरली या फेऱ्यांना नसायची. ती मागच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायची.

मग छोटे कॅमेरे आले, पाठोपाठ फोन आले. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर ओल्या छत्र्या वाळत घातल्या जाऊ लागल्या. मधल्या पायाचा पितळी स्क्रू पाणी पिऊन पिऊन झिजला. बाबाही गेले. मागे राहिली ती रिकामी चौकट. समोरच्या खडकाळ डोंगराचा, ऐन थंडीतल्या धुक्याचा एक फोटो त्यांना त्यात लावायचा होता. धुकं दरवेळी एक तर फार असायचं, नाही तर नसायचंच.

एका हिवाळ्यात थोरलीने मनावर घेतलं. तिने माझ्यावरच्या छत्र्या उचलल्या आणि मला खांद्यावर टाकलं. धाकटी कुरकुरतच निघाली. अशा हवेत कबुतरंसुद्धा वळचणीतून बाहेर पडत नाहीत, म्हणाली. थोरलीने तिच्या अंगावर लाल शाल फेकली.

वर पोचलो तेव्हा खडक ओलाकच्च होता. थोरलीने माझे पाय रोवले, कॅमेरा चढवला आणि कापडाखाली शिरली. धाकटी पुढच्या सपाट खडकावर गेली. त्या खडकाची डावी कड तुटलेली आहे, हे दोघींना माहीत होतं. पण धुक्यात ती कड कुठे संपते ते कोणालाच दिसत नव्हतं. पायाखाली पांढरं आणि कडेपलीकडेही पांढरंच.

धुकं क्षणभर विरळ झालं. थोरलीला काचेत लाल ठिपका दिसला. फोटोत तो जरा उजव्या अंगाला हवा होता. थोरली हिशेबी बाई. काच उलटं दाखवते, बहीण पाठमोरी आहे, हे सगळं तिने आधीच मनात सरळ करून घेतलं आणि मग हाक दिली, "उजवीकडे."

धाकटीने तिच्या सवयीने ते पुन्हा उलटं केलं.

ती डावीकडे गेली.

मित्रांनो, तिची पावलं मला खडकातून कळत होती. मी बाबांच्या वेळीही तिथेच उभा होतो आणि आता थोरलीच्या वेळीही. दोघांची रीत जाणणारा त्या डोंगरावर मी एकटाच होतो. आणि मी लाकूड.

धुकं पुन्हा दाटलं. थोरली म्हणाली, अजून. पाऊल वाजलं. पुन्हा विरळ झालं तेव्हा ठिपका भलतीकडेच गेलेला. थोरलीचा पारा चढला. तिला वाटलं, ही मुद्दाम करते आहे, थंडीत आणलं म्हणून उट्टं काढते आहे.

"उजवीकडे म्हटलं ना मी."

"तेच तर करतेय." धाकटीचा आवाज लांबून आला. मग जरा थांबून, "ताई, नक्की ना? इथे खडक उतरता लागतोय."

"बाबांचं बरं मुकाट ऐकायचीस. मीच तेवढी खोटी."

टोमणा धाकटीला बरोबर लागला असणार. खडकातून मला तिचं पाऊल कळलं. ते पूर्ण टेकलं नव्हतं. पुढे जमीन आहे का, हे ती चाचपडत होती.

त्याच वेळी माझा मधला पाय घसरला. झिजलेला स्क्रू सुटला आणि पाय आत सरकला. कॅमेरा कलंडला. त्याला सावरायला थोरली कापडातून बाहेर आली आणि तिने पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी समोर पाहिलं. धुकं नेमकं तिथेच फाटलं होतं. लाल शाल कडेवर होती. तिच्या खाली, खूप खोलवर, झाडांचे शेंडे.

थोरलीने कॅमेरा सोडून दिला.

ती किंचाळली असती तर धाकटी दचकली असती. "मागे ये" म्हटलं असतं तर तिने तेही उलटं केलं असतं का, कोण जाणे. थोरलीच्या तोंडून निघालं ते बाबांचंच वाक्य, प्रत्येक फोटोआधीचं, अगदी हळू आवाजातलं.

"हलू नकोस."

याला डावं-उजवं नसतं. धाकटी जिथल्या तिथे थिजली, लहानपणापासून थिजत आली तशी. थोरली रांगत, ओल्या खडकाला पोट घासत तिच्यापर्यंत गेली आणि शालीचं टोक मनगटाला गुंडाळून तिला मागे ओढलं.

दोघी माझ्या पायांशी येऊन बसल्या. धाकटी दात वाजवत म्हणाली, "तू कुणाचं उजवं सांगत होतीस?"

"तुझं."

"मग सांगायचं नाही का आधी?"

थोरलीला हसू फुटलं आणि त्यातच रडूही.

फोटो निघालाच नाही. कॅमेऱ्याची दुधी काच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली होती. आता ती काच त्या चौकटीत आहे. पांढरं धुकं आणि त्यातून गेलेली डोंगराची एक वाकडी रेघ. गिऱ्हाईक विचारतं, हा कुठला हो डोंगर?

घरी आल्यावर मी धाकटीचा जीव वाचवल्याचं फार कौतुक झालं. मला ते मान्य नाही. माझा स्क्रू झिजला होता, एवढंच. तोच पाय अजून थोड्या वेळाने घसरला असता तर ही गोष्ट सांगायला मी तोंड उघडलं नसतं. तेव्हा मित्रांनो, तुमच्या जुन्या वस्तूंवर ओल्या छत्र्या टाकू नका, त्यांचे स्क्रू आवळत जा. आणि कोणाबरोबर धुक्यात शिरायचं असेल, तर बाहेर उजेडात असतानाच विचारून घ्या, उजवं कोणाचं.

धाकटी लहान असताना एकदा चुकीच्या बाजूला सरकली म्हणून बाबा तिच्यावर ओरडले होते. तेव्हा घरी आल्यावर तिचे डोळे पुसून, "बाबा उजवीकडे म्हणाले ना, की तू डावीकडे जात जा," असं तिच्या कानात सांगितलं होतं ते थोरलीने.