पान सहाशे बारावरचे सर्पिल

मित्रांनो, मी एक जुनी नोंद आहे. अकरा खंडांच्या एका ज्ञानकोशात, दहाव्या खंडात, पान सहाशे बारावर माझा मुक्काम आहे. माझ्या डोक्यावर 'सर्पदंश' राहतो आणि पायाशी 'सर्वेक्षण'. माझे नाव 'सर्पिल वक्र'. गोगलगाईच्या शंखावर आतून बाहेर रुंदावत जाणारी वळणे तुम्ही पाहिली असतील, तशा वक्राची माहिती माझ्यात आहे. आपले आयुष्य सांगणारे बहुधा आपल्या सेवेचे गोडवे गातात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका माणसाने तेवीस वर्षे मान खाली घालून काढली, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म औषधांच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत झाला. तिथे कोशाचे कार्यालय होते. गणिताच्या एका प्राध्यापकांनी मला आठ कार्डांवर लिहिले. अक्षर असे की मुंग्यांनी शर्यत लावली असावी. पण माहिती चोख होती. आठव्या कार्डाच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने एक छोटी आकृती काढली होती आणि समोर लिहिले होते, 'आकृती पाहा.'

आता त्या कार्यालयाची एक पद्धत ऐका. मजकूर टंकलिखित झाला, की मूळ कार्डे हरवू नयेत म्हणून एका जाड वहीत डिंकाने चिकटवून टाकायची. माझीही चिकटवली. पाठची आकृती डिंकात गेली ती गेलीच. पुढे चित्रकाराने विचारले, "सर्पिल म्हणजे नेमकं काय काढू?" सहसंपादक त्या वेळी 'सर्पदंशा'त गळ्यापर्यंत बुडालेले होते. मान वर न करता ते म्हणाले, "दोरीचं वेटोळं असतं ना, तसंच काढा."

चित्रकार मोठा प्रामाणिक माणूस. त्याने कागदांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, टेबलावर तिचे नीट वेटोळे केले आणि दुपारभर बसून ते हुबेहूब उतरवले. सुतळीचे वेटोळे ते. दोन वळणांतले अंतर सगळीकडे सारखेच. आणि माझ्या मजकुरात स्वच्छ लिहिलेले, की या वक्राची वळणे बाहेर जाताना ठरावीक पटीने रुंदावत जातात.

मग मुद्रिते तपासली गेली. तिथे दोघे समोरासमोर बसत. एकाने मोठ्याने वाचायचे, स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा, आणि दुसऱ्याने छापील ओळीवर बोट फिरवायचे. डोळ्यांत तेल घालून काम चाले. माझ्या आकृतीपाशी आल्यावर वाचणारा म्हणाला, "आकृती एक." दुसरा म्हणाला, "आहे." आणि दोघे पुढे गेले. चित्र मोठ्याने कसे वाचणार?

मला मात्र त्याच दिवशी कळले होते, की माझ्या पोटात एक आहे आणि चेहऱ्यावर दुसरेच. पण खंड बाहेर आला आणि सगळे म्हणू लागले, "या खंडातलं सगळ्यात देखणं पान हे." मी फुगून गेले. शेजारच्या 'सर्पदंशा'ला साधे चित्रही मिळाले नव्हते, त्यामुळे माझे नाक आणखीच वर गेले. खोट्या चेहऱ्याची शेखी मिरवताना मला काहीच वाटले नाही. याची लाज मला चुकीपेक्षाही जास्त वाटते.

मी एका वाचनालयाच्या संदर्भ विभागात राहायला आले. तिथे दर शनिवारी, कारखाना सुटल्यावर, एक फिटर येऊ लागला. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो यंत्रे दुरुस्त करायचा. कारखान्यात त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणत, कारण चहाच्या कपाखालची बशीसुद्धा मधोमध आहे का, हे तो पाहायचा. ही माहिती मला तो आणि ग्रंथपालबाई यांच्या गप्पांतून मिळाली.

त्याला एक हातयंत्र करायचे होते. जाड पुठ्ठा कापताना कारखान्यातल्या बायकांचे खांदे भरून येत. कमी जोरात कापेल असे पाते त्याला हवे होते. मालक त्याला म्हणाले होते, "जमवून दाखव, नव्या विभागाचा मुख्य तूच." माझ्यात एक वाक्य आहे. पाते या वक्रासारखे वाकवले आणि वक्राच्या केंद्रावर फिरते ठेवले, तर ते सुरुवातीपासून टोकापर्यंत सारख्याच कोनात कापते. ते वाक्य त्याने ओठ हलवत तीनदा वाचले. बाकीचा मजकूर प्राध्यापकी होता. 'हे उघडच आहे' असे वाक्य तर माझ्यात चार ठिकाणी होते, आणि जिथे जिथे ते होते तिथे काहीच उघड नव्हते. बिचारा चित्राकडे वळला. कारखान्यात नकाशा हातात आला की त्याप्रमाणे काम करायचे, नकाशाशी वाद घालायचा नाही, हे त्याच्या हाडीमासी खिळलेले. त्याने माझ्यावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवला आणि श्वास रोखून माझी आकृती उतरवून घेतली.

त्या वेळी मला किती ओरडावेसे वाटले म्हणून सांगू. पण नोंदीला तोंड नसते, अक्षरे असतात, आणि ती त्याला कळली नव्हती.

दोन शनिवारांनी तो पडेल चेहऱ्याने आला. "ज्या पिनेवर पातं फिरतं, तिच्याजवळ ते पुठ्ठ्यावर आडवंच पडतं, नुसतं दाबतं," तो ग्रंथपालबाईंना म्हणाला. "आणि टोकाकडे पुठ्ठा कापायच्या ऐवजी बाहेर ढकलतं."

"पुस्तकात काही चूक असेल का?" बाईंनी सहज विचारले.

"छापलेलं आहे बाई. एवढ्या शिकलेल्या लोकांनी तपासलेलं. माझाच हात हलला असणार."

त्याने पुन्हा आकृती उतरवली, पुन्हा पाते केले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने बाईंना कागदाची कड धरायला लावली, म्हणजे केसभरही हलायला नको. ते पाते त्याने मालकांसमोर, सगळ्या विभागासमोर लावले आणि तो पुरता तोंडघशी पडला. पुठ्ठा सुटून मालकांच्या पायावर पडला म्हणे. कुणीतरी म्हणाले, "आपला मिलिमीटर आता मीटर झाला, चूकसुद्धा मीटरभर करतो." सगळे हसले. नवा विभाग दुसऱ्याकडे गेला.

शेवटचा आला तेव्हा त्याने खंड उघडलाही नाही. बाईंना एवढेच म्हणाला, "आपलं काम सांगितलेला नट आवळायचं. डोकं चालवायला गेलो, हेच चुकलं." त्यानंतर तो वाचनालयात दिसला नाही. मी शेल्फावर उभी होते, धूळ खात. माझे सुबक पान कुणी उघडले, की मला तोंड लपवावेसे वाटे. पण पानाला मिटता येत नाही, कुणीतरी मिटावे लागते.

तेवीस वर्षे गेली. कोशाची नवी आवृत्ती निघायची ठरली. जुन्या नोंदी तपासायला वाटल्या गेल्या, आणि 'स' अक्षराच्या गणिती नोंदी एका शाळेतल्या शिक्षिकेकडे आल्या. संदर्भ विभागाचा खंड घरी नेता येत नाही, पण ग्रंथपालबाईंनी तिला खास परवानगी दिली. पिशवीत, डब्याशेजारी बसून मी तिच्या घरी गेले.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने मला उघडले आणि लाल पेन्सिल घेतली. पहिल्यांदा तिने माझी चारही 'हे उघडच आहे' खोडली. मला झोंबले, पण तिचे बरोबर होते. प्रत्येक ठिकाणी तिने दोन-तीन सोपी वाक्ये लिहिली. 'केंद्रातून कोणतीही सरळ रेषा काढा. ती वक्राला जिथे छेदते तिथला कोन मोजा. तो सगळीकडे सारखाच येईल.' मग ती थबकली. स्वतःच लिहिलेले करून पाहावे म्हणून तिने पट्टी आणि कोनमापक आणले. दोन वळणांतले अंतर सात मिलिमीटर. पुन्हा सात. पुन्हा सात. कोन मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा. ती स्वतःशीच म्हणाली, "ही आकृतीच चुकीची आहे."

खिडकीपाशी एक म्हातारा माणूस शेजाऱ्यांचे घड्याळ दुरुस्त करत बसला होता. "कुठली आकृती?" त्याने मान न उचलता विचारले.

"सर्पिलाची, बाबा. मजकूर एका वक्राचा आणि चित्र भलत्याचंच. कुणी मोजून पाहिलंच नाही."

त्याच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला. तो त्याने शोधला नाही. तो टेबलापाशी आला, चष्मा लावला, आणि मी त्याला ओळखले. मित्रांनो, तेव्हा मला टेबल फाटावे आणि त्याच्या पोटात गडप व्हावे असे वाटले.

तो आतल्या खोलीत गेला, हत्यारांची पेटी ओढत आणली, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यातून घडी घातलेला एक पिवळा कागद काढला. मुलीला त्या कागदाची गोष्टच माहीत नव्हती. तिला एवढेच माहीत होते, की आपले वडील कुठलीही नवी वस्तू करायला सांगितली की म्हणतात, "मला नाही जमत ते."

त्याने तो कागद माझ्यावर ठेवला. रेषेवर रेषा बसली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत कुठेही फरक नव्हता. मुलीने भिंग आणून पाहिले, तरी नव्हता.

"बाबा, हे तुम्ही कधी उतरवलंत?"

त्याने तिला सगळे सांगितले, अगदी मालकांच्या पायावर पडलेल्या पुठ्ठ्यापर्यंत. ते सांगताना तो हसलाही. मग कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

"म्हणजे हात बरोबर होता," तो म्हणाला.

तेवढेच. माझ्यावर रागावला असता, पान टराटरा फाडले असते, तर मला सोसले असते. मुलगीच चिडली. तपासणी पत्रकात 'चुकीचे कारण' असा रकाना होता. तिथे ती चित्रकाराचा निष्काळजीपणा लिहायला निघाली. त्याने तिचे मनगट धरले.

"त्याला बोल लावू नकोस. नीट बघ, हे दोरीचं वेटोळं आहे. दोरी त्याने अगदी दोरीसारखी काढली आहे. त्याचाही हात बरोबरच होता गं. त्याला सांगणाऱ्याने नीट सांगितलं नाही."

मुलीने रकान्यात लिहिले, 'आकृती मजकुराशी ताडून पाहिली गेली नाही.' मग तिने माझ्या मजकुराप्रमाणे आकडेमोड करून कोऱ्या कागदावर बिंदू मांडले, आणि ते बिंदू जोडायला पेन्सिल वडिलांच्या हातात दिली. तो म्हणाला, "मला नाही जमत ते." तिने पेन्सिल तशीच धरून ठेवली. अखेर त्याने घेतली. पहिल्या बिंदूवर टोक टेकवले आणि रेषा शेवटच्या बिंदूपर्यंत नेली. नव्या आवृत्तीत माझ्या जागी जी आकृती छापली गेली, ती त्या हाताची आहे. पुढच्या आठवड्यात त्याने पत्र्याचे छोटे पाते करून टेबलावर पुठ्ठा कापून पाहिला. मी तेव्हा परत शेल्फावर होते, पण ग्रंथपालबाईंना सांगायला तो स्वतः आला होता. पुठ्ठा लोण्यासारखा कापला गेला म्हणे. नवा विभाग आता त्याला मिळणार नव्हता. ती वर्षे कुठल्या आवृत्तीत दुरुस्त करणार?

मी अजून त्याच शेल्फावर आहे. मला रद्दीत घालणार होते, पण त्यानेच बाईंना थांबवले. माझ्या आकृतीखाली त्याने स्वतःच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'ही आकृती चुकली आहे. मोजून पाहा.' मुले येतात, पट्टी लावतात, सात, सात, सात म्हणतात आणि मला हसतात. ते हसणे मला हवेसे वाटते. ते माझ्या वाट्याचे होते, चुकून दुसऱ्याच्या वाट्याला गेले.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, पाने दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझे मागणे वेगळे आहे. आम्हाला उघडताना पट्टी जवळ ठेवा. आमचे आणि तुमचे माप जुळले नाही, तर आपला हात लगेच वाईट ठरवू नका. पुन्हा एकदा मोजा, आणि मग माझ्याकडे बोट दाखवा. मान खाली घालायची माझी पाळी आहे, तुमची नाही.