बिनतळाची बाव

थापा मारण्यात नर्मदाआजी मिठबावपासून तळेऱ्यापर्यंत कुणाला हार जाणारी नव्हे. तेव्हा हॉटेल बांधणाऱ्या कंपनीचा विनीत कातळावर मोजणी करून घामानं निथळत तिच्या विहिरीवर पाणी प्यायला आला, तर आजीची जीभ गप्प बसते होय?

"ह्या बावीक तळ नाय रे बाळा! माझ्या सासऱ्याचो रेडो आत पडलो, तो आठ दिसांनी गोव्याक वर इलो. शिंगार खेकडे घेवन!"

विनीत हसला आणि वहीत काहीतरी लिहून गेला. आजी खूश. बरं गिऱ्हाईक मिळालं.

खरं तर मे महिन्यात त्या विहिरीत गुडघाभर पाणी उरायचं, आणि तेवढ्यावर अख्खी वाडी जगायची. म्हणून कंपनी खोल बोअर मारणार म्हटल्यावर ग्रामसभेनं विरोधाचा ठराव केला. सरकारनं परवाना थांबवला. वाडीनं देवाला नारळ दिला.

पण कंपनी परदेशातली. आपल्या सरकारनं तिच्या देशासकट आसपासच्या देशांशी करार करून ठेवलेला : गुंतवणूक अडवली तर कंपनीनं थेट परदेशातल्या लवादाकडे दाद मागावी. कंपनीनं मागितली. तिच्या कागदांत चक्क आजी होती! 'पाणी अमाप असल्याचं गावातली जाणती बाईच सांगते.' रेडा तेवढा गाळलेला.

कोट्यवधींची भरपाई द्यावी लागेल म्हणून सरकार घाबरलं. तडजोड करून परवाना परत दिला.

हे कळताच आजी नात शर्मिष्ठाला घेऊन सरकारी कचेरीत गेली. "सायबानू, मी खोटा सांगितलंय. माका थंय लवादाकडे व्हरा, देवाशपथ खरा सांगतंय."

"आजी, तिथं दोनच पक्ष. कंपनी आणि सरकार. गावाला बोलता येत नाही."

"आणि पाणी कोणाचा?"

शर्मिष्ठा म्हणाली, "साहेब, विकास हा माणसांचा हक्क ना? मग आम्हांला कुणी विचारायचं?"

"अहो, विकासच तर येतोय." साहेबांनी चहा मागवला. स्वतःपुरता.

"येतलो तर! आमच्या डोक्यार पाय देवन," आजी म्हणाली आणि उठली.

बोअर सुरू झाली. होळीच्या आधीच घागर खाली कातळावर आपटली. मग कंपनीचा टँकर आला. ड्रायव्हरच्या हातात कागद : 'आम्हांला पुरेसं पाणी मिळतं, तक्रार नाही.' आधी सह्या, मग पाणी.

"आजये, नको गो," शर्मिष्ठा कुजबुजली. "ह्यो कागद पण थंय लवादाकडेच जातलो."

रांगेत शेजारची दुर्गा तान्ह्याला कडेवर घेऊन उभी होती. पोराचे ओठ सुकलेले. आजीनं पेन घेतलं.

"पयली थाप हसान मारललंय गो," ती म्हणाली, आणि सगळ्यांत आधी सही केली. ड्रायव्हरनं नळी सोडली.