वेशीवरचा अडसर

मी एक लोखंडी अडसर. मुळशीतल्या एका गावाच्या वेशीवर, डांबरी रस्त्यावर आडवा पडायला बसवलेला. पंचायतीच्या कागदांत माझं नाव 'प्रवेश नियंत्रण फाटक' असं भारदस्त आहे. गावात मला नुसतं 'गेट' म्हणतात. गावाचं नाव मी सांगत नाही. माणसं वाईट नाहीत, उगाच त्यांच्याकडे बोट नको.

माझा जन्म पिरंगुटजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये झाला. पाइप कापून, खांबाला बसवून, एका टोकाला वजन जोडून मला घडवलं ते सुफल मंडल नावाच्या वेल्डरने. तो बंगालमधल्या नदिया जिल्ह्याचा. मला तांबडे-पांढरे पट्टे मारताना त्याने मालकाला विचारलं, "ये कहाँ लगेगा?" मालकाने गावाचं नाव सांगितलं तेव्हा तो हसला. "अरे, वहीं तो मैं रहता हूँ!"

गावाच्या कडेला, ओढ्यालगत पत्र्याच्या तीसेक खोल्या आहेत. कारखान्यांत राबणारी बिहार, ओडिशा, बंगालची माणसं तिथे भाड्याने राहतात. सुफल आणि त्याची बायको झरना त्यांतल्याच एका खोलीत राहायचे. झरना गोजराबाईंच्या भातखाचरात रोजाने जायची.

मी इथे का आलो, ते मला नंतर कळलं. माणसांना माझ्याजवळ थांबावं लागायचं, आणि थांबलेली माणसं बोलतात. त्या वर्षी पंचायतीकडे थोडा निधी आला होता. गोजराबाई पंचायतीच्या सदस्य. पत्र्याच्या खोल्यांना नळ द्या, संडास बांधा, अशी त्यांची मागणी होती, कारण तिथली माणसं ओढ्याचंच पाणी पीत होती. सरपंच विठ्ठलरावांच्या मनात मात्र गेट होतं, चार कॅमेरे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे कागद तपासणारा पहारेकरी होता. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. मोबाइलवर रोज नवं काहीतरी फिरत होतं, की सीमेपलीकडचे लोक गावागावांत घुसलेत. पैसा एकाच कामाला पुरणार होता.

"आदी गाव राखू, मग पान्याचं बगू," विठ्ठलराव ग्रामसभेत म्हणाले.

"खोल्यांचं भाडं घेताना न्हाई सुचत व्हय गाव राखायचं?" गोजराबाई उठल्या. "आमच्या म्हाताऱ्यांचं गाव धरणात गेलं. बोचकी घिऊन ती हितं आली, तवा त्यास्नीबी लांबच ठिवलं हुतं. पान्यापासनं सुदीक. त्येच परत करायचं का?"

चार-दोन माना हलल्या म्हणे. पण तेवढ्याच. मग हात वर झाले, आणि त्यांतले बहुतेक माझ्यासाठी होते.

मला बसवायला सुफलच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला निघाला, तर पहारेकरी भिकूने त्यालाच थांबवलं.

"कागद दाखीव रं."

"चाचा, कल मैंने ही तो लगाया इसको!"

"ठावं हाय रं मला," भिकू खाली बघत म्हणाला. "पन सांगितलंय तसं."

सुफलच्या आधार कार्डावर 'मंडल' होतं आणि मतदार कार्डावर 'मोंडल'. भिकूने दोन्ही वहीत उतरवलं. विठ्ठलरावांनी त्या नावापुढे लाल खूण केली. पोलीस चौकीवर नाव कळवलं गेलं, दोनदा बोलावणं आलं. एकदा तर सुफलला सबंध दिवस बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सोडलं. तेव्हापासून झरना माझ्यासमोर यायचीच बंद झाली. खाचरात जायला ती ओढ्याकाठची पायवाट धरायची.

मला इथून सगळं दिसतं. शनिवार-रविवारी लवासाला निघालेल्या, फार्महाऊसवर जाणाऱ्या मोठ्या गाड्या यायच्या. त्यांचा हॉर्न वाजायच्या आत मी वर जायचो. त्यांना कुणी कधी कागद विचारले नाहीत. सायकलवाल्यांना आणि डब्याची पिशवी घेऊन चालणाऱ्यांना मात्र रोज थांबावं लागायचं.

श्रावणात ओढ्याला गढूळ पाणी आलं आणि पत्र्याच्या खोल्यांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. झरनाही आजारी पडली. तिला तेव्हा सातवा महिना होता. सरकारी दवाखाना माझ्यापलीकडे, चार किलोमीटरवर. सुफल म्हणत होता, चल. ती म्हणत होती, गेटवर नाव लिहितील, पुन्हा तुला नेतील. असे तीन दिवस गेले.

बाई बेणणीला, खाचरातलं तण काढायला, का येत नाही म्हणून चौथ्या दिवशी गोजराबाई खोलीवर गेल्या. तासाभराने त्यांच्या पुतण्याची जीप माझ्यासमोर उभी राहिली. मागच्या सीटवर झरना आडवी होती. ओठ पांढरे, डोळे आत गेलेले. तेवढ्यात मोटारसायकलवरून विठ्ठलराव आले.

"भिकू, नाव लिव्हून घे. कोन, कुटं चाललंय, समदं."

"इठ्ठलराव, बाई मरतीया," गोजराबाई म्हणाल्या.

"नियम समद्यास्नी सारका हाय, गोजराबाई."

"रविवारच्या गाड्यास्नी कुटं असतो तुमचा नियम?"

भिकूने वही बंद केली आणि मला वर ढकललं. विठ्ठलराव काहीतरी ओरडले, पण जीप गेलेली होती.

झरना वाचली. बाळ वाचलं नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. त्या दोन दिवसांत मी इथेच होतो. मला कुणी मुद्दाम तिच्या वाटेत आडवं केलं नव्हतं, आणि तरी मीच आडवा होतो.

महिन्याभराने सुफल आणि झरना गाव सोडून गेले. एक ट्रंक, दोन पिशव्या आणि एक स्टोव्ह. कुठे चाललात, असं त्यांना कुणी विचारलं नाही. वहीत येणाऱ्यांसाठी रकाने आहेत, कायमचं जाणाऱ्यांसाठी नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत विठ्ठलरावांनी गावाच्या मागच्या बाजूला दुसऱ्या गेटचा ठराव मांडला. गोजराबाई बोलायला उठणार, त्याआधी भिकूच उठला.

"म्या सा महिनं नावं लिव्हली," तो म्हणाला. "चोर एक बी घावला न्हाई. ती बाई तेवडी घावली. माजा पगार बंद करा, पन त्यास्नी नळ द्या."

त्या सभेत एक नळ मंजूर झाला. संडास पुढच्या वर्षावर गेले. दुसरं गेट रद्द झालं नाही, तेही पुढच्या वर्षावरच गेलं. भिकूने खरंच काम सोडलं आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. कॅमेऱ्यांपैकी दोन पावसात बंद पडले. मला दोरीने खांबाला उभं बांधून ठेवलंय. माझ्या बुडाशी गंज धरलाय.

काल दुपारी एका टेम्पोतून नवं कुटुंब उतरलं. नवरा, बायको, कडेवर लहान मूल. रस्ता मोकळा होता, मी वर होतो. तरी ती बाई माझ्याखाली थबकली. पदराची गाठ सोडून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढले आणि हातात धरून उभी राहिली. कुणीतरी येईल, विचारेल, म्हणून वाट बघत. बराच वेळ.

गावकऱ्यांनो, पुढच्या सभेत हात वर करायच्या आधी एकदा इथे येऊन उभे राहा. मला तोंड असतं तर मी त्या बाईला एवढंच म्हणालो असतो: जा गं बाई, आत जा. उन्हात नको उभी राहू.