कोंडीबाचा कागदी माणूस

आप्पासो पाटलांचा डावा गाल गुळगुळीत झाला होता, उजव्यावर फेस तसाच होता, आणि तेवढ्यात कोंडीबाच्या पाठीवर पित्त उठलं.

"थांब की रं!" आप्पासो ओरडले. "आदी वस्तरा खाली ठेव, मग खाजीव!"

कोंडीबानं वस्तरा ठेवला, पण जरा उशिरा. आप्पासोंच्या उजव्या कानाच्या पाळीला रक्त आलं. पाटील अर्धी दाढी घेऊन उठले आणि तसेच चावडीवर जाऊन बसले. गावाला आणखी काही सांगावं लागलं नाही.

तीन वर्षं कोंडीबाच्या अंगावर रोज चट्टे उठत होते. आमसुलाचं पाणी चोळून झालं, भर वैशाखात घोंगडं पांघरून झालं. गेरू फासून बसला तेव्हा लोक विचारायला लागले, कुठल्या देवाचा नवस हाय? गळ्यावर वस्तरा आणि वस्तऱ्यामागं खाज, म्हणून गिऱ्हाईक श्वास धरून बसायचं. आता तेही कऱ्हाडला जाऊन दाढी करून यायला लागलं. आणि कोंडीबाला तर वस्तऱ्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

"मिरजेला जा," पलटणीतून परतलेला भाऊसो म्हणाला. "थितं एक डाक्टर पित्तावर नवी गोळी देऊन बघतोय. मानसं पायजेत त्याला."

कोंडीबा गाडीत बसून मिरजेला गेला.

"तुमची मर्जी असेल तरच नाव देतो," डॉक्टर म्हणाले. "निम्म्या लोकांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कुठली, ते मलाही ठाऊक नाही."

कोंडीबा हबकला. "तुमास्नीच ठाव न्हाई? मग आमी कुनाला इचारायचं?"

"प्रयोग असाच असतो."

मग डॉक्टरांनी एक कागद काढला. त्यावर माणूस छापला होता, एकदा पुढून, एकदा मागून. डोळे नाहीत, नाक नाही, धोतर तर नाहीच. जिथं चट्टा उठेल तिथं रोज संध्याकाळी लाल पेन्सिलीनं फुली मारायची. कागद परत आणला तरच गोळ्यांची पुढची डबी.

"ह्याला कापडं?" कोंडीबानं हळूच विचारलं.

"नकोत."

पहिल्या आठवड्यात कागदी माणूस लालेलाल झाला. दुसऱ्यात चार फुल्या पडल्या. तिसऱ्यात एकही नाही. कोंडीबानं भाऊसोचं सगळं डोकं एका दमात भादरलं. हात इतका हलका, की भाऊसो बसल्याजागी घोरायला लागला. ही बातमीही गावभर झाली, आणि रविवारी खुद्द आप्पासो लंगडत लंगडत कोंडीबाच्या बसायच्या कडुलिंबाखाली आले. गुडघा धरला होता.

कोंडीबानं मोठ्या मानानं धोकटी सोडली. वाटी काढली, वस्तरा काढला, आणि वस्तऱ्याबरोबर कागद बाहेर पडला.

आप्पासोंनी तो उचलला. आधी लाजले. मग बघतच राहिले.

"ह्यो कोन?"

"मीच हाय जी."

"तू? उजव्या कानावर फुली हाय हितं. कान कुनाचा कापला? माजा! आन ह्या गुडघ्यावर चार. गुडघा कुनाचा दुखतोय?"

"आवं, ते माजं पित्त हाय..."

एवढं होऊनही मिटलं असतं. पण शेजारी आकाराम बसला होता. तो हळूच म्हणाला, "करनीला क्यास लागत्यात म्हनं. समद्या गावाची क्यासं कुनाकडं असत्यात?"

कडुलिंबाखाली सगळ्यांचे हात एकदम डोक्याकडं गेले.

तासाभरात गाव कोंडीबाच्या दारात जमलं. "आमची क्यासं दे!" कोंडीबा म्हणाला, क्यासं उकिरड्यावर हायती. तर गाव उकिरड्यावर गेलं. काळे एकीकडं, पांढरे एकीकडं, अशी निवड सुरू झाली. आकारामाला बारा वर्षांपासून टक्कल होतं. त्यानं सगळ्यांत मोठा पुंजका नेला.

"आवं, तुमी औशिदाला गेला हुता का मंतर शिकायला?" भामाबाई, कोंडीबाची बायको, कपाळाला हात लावून ओरडली. तिनंही गंगावनासाठी साठवलेल्या आपल्या केसांची पिशवी कोनाड्यातून काढून पदराखाली धरली.

आप्पासोंनी कागदात लिंबू गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, काळा दोरा बांधला, आणि कृष्णेत सोडायला निघाले. कोंडीबा मागं धावला. "आप्पासो, पाया पडतो! त्याच्याबिगार माजी डबी मिळायची न्हाई!"

"बगा!" आकाराम म्हणाला. "आपल्या तोंडानं कबूल करतोय!"

कागद बुडाला.

"कागद कुठाय?" मिरजेला डॉक्टरांनी विचारलं.

"नदीत."

"कसा काय?"

"पाटलांनी सोडला. लिंबासकट."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आठवून भरलेला कागद चालत नाही. नवा देतो. पहिल्यापासून सुरू करू."

"साहेब, माज्या डबीत औशिद हुतं का पीठ?"

"ते सगळ्यांचं पुरं झाल्यावरच उघडायचं."

नवा नागडा माणूस टेबलावर पडला होता. स्वच्छ, एकही फुली नसलेला. कोंडीबानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं आणि कागद अलगद परत सरकवला.

"न्हाई साहेब. ह्यो मानूस आमच्या गावात चालत न्हाई."

चौथ्या दिवशी पित्त परत आलं.

गावाची दाढी पंधरा दिवस वाढली. कऱ्हाडला तरी रोज कोण जाणार? शेवटी एका सकाळी आप्पासो आले आणि समोर बसले. कोंडीबानं फेस लावला.

"गुडघा कसा हाय जी?"

"दुखतोय," आप्पासो दुसरीकडं बघत म्हणाले.

गळ्याशी वस्तरा आला आणि कोंडीबाच्या मानेवर पहिला चट्टा उठला. मग खांद्यावर. मग सगळ्या पाठीवर. आप्पासोंना तो कानामागं लाल होताना दिसला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. पण कोंडीबाचा हात खाजवायला हलला नाही. वस्तरा हनुवटीवरून वर गेला, कानाच्या पाळीला वळसा घालून खाली आला. रक्ताचा थेंब नाही.

आप्पासो उठले. खाली वाकून त्यांनी आपले केस वेचले, एकूण एक, आणि उपरण्याच्या टोकात गाठ मारून घरी नेले. त्यांच्यामागं भाऊसो बसला, मग आकाराम. प्रत्येकानं येताना फडकं आणलं होतं.

शेवटचं गिऱ्हाईक बोळात वळलं तेव्हा कडुलिंबाखाली एकही केस उरला नव्हता. कोंडीबानं वस्तरा पुसला, धोकटीत ठेवला, दोरी आवळली. आणि मग झाडाच्या खोडाला पाठ लावून घासायला लागला.